मी ‘सरकार’ म्हणालो तेव्हा

घोंगडीचा वास आला की सत्ताविभाजनावर मीच लिहिलेलं पुस्तक मला उघडवत नाही.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतरची गोष्ट. भूमच्या कोर्टात मी नवा वकील होतो. गायरान काढून घेतलं म्हणून ईट गावच्या एका म्हाताऱ्या धनगरानं माझ्यामार्फत सरकारवर दावा लावला होता. न्यायाधीश येऊन बसले. जुन्या सवयीनं मी वाकून त्यांना ‘सरकार’ म्हणालो.

म्हाताऱ्यानं माझी बाही धरली. "वकीलसाहेब, दावा ह्यांच्यावरच हाय व्हय?"

मी नुसता हसलो. समजवायला दोन मिनिटं पुरली असती. तेवढ्यात तो हात जोडून पुढं झाला. "चुकलं, सरकार. दावा नगं मला." घोंगडी सावरत तो निघून गेला.

ती दोन मिनिटं पुढं मी चारशे पानांत लिहिली. त्याला वाचता येत नव्हतं.