बिस्किटवाल्या वकीलबाई

ल्यूकनमधल्या आमच्या आयरिश शेजारीणबाई पेशानं वकील. रविवारी पत्ते खेळायला येतात आणि मी हरणार असं दिसलं, की आधीच सांत्वनाचं बिस्किट पुढे करतात!

माझी एक सहकारी ज्यू मानसोपचारतज्ज्ञ आहे. साहेबांनी भर मीटिंगमध्ये तिच्या ज्यू असण्यावर शेरा मारला. तिनं तक्रार केली, तर तिचे पेशंटच काढून घेतले. मी तिला बाईंकडे नेलं.

चौकशीत मी साक्षीला होतो. साहेब हसून म्हणाले, "अहो, गंमत केली!"

"ग्रँड!" बाई खुलल्या. "मला गमती फार आवडतात. जरा समजावून सांगा ना."

साहेबांनी सांगितली. कुणीच हसेना.

"पुन्हा सांगता?"

साहेब कपाळ पुसू लागले. बाईंनी हळूच पर्स उघडली.

मी सहकारिणीला कोपरानं ढोसलं, "अगं, पेशंट मिळाले तुझे! बिस्किट निघालं!"