कट्ट्यावरून दिसणारं शिवार

माझ्या थोरल्या भावावर, अण्णावर, खुनाच्या प्रयत्नाचा खटला चालला होता. आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, कोर्ट बेळगावात. शेजारच्या शेतकऱ्याच्या डोक्यात, त्याच्याच शेतात, कुणीतरी मागून कोयता घातला होता. तो वाचला, पण मारणारा त्याला दिसला नव्हता. गावातल्या एकानं मात्र साक्ष दिली, की देवळाच्या कट्ट्यावर बसलो असताना अण्णाला कोयता उगारताना मी बघितलं. बांधावरून आमचं आणि त्या शेतकऱ्याचं आधीच वाजलेलं, त्यामुळं लोकांनाही ते खरं वाटलं.

उलटतपासणीत साक्षीदार जरासुद्धा हलला नाही. कट्ट्यावरून ती जागा दिसतच नाही, हे आम्हाला ठाऊक. पण आरोपीच्या घरच्यांचं कोण ऐकणार? शेवटी आमच्या वकीलबाईंनी अर्ज दिला, की न्यायाधीशांनी स्वतः जागा पाहावी. तो मंजूर झाला.

साहेब भर उन्हात आले. दोन्ही वकील, पोलीस, साक्षीदार, जामिनावर असलेला अण्णा, आम्ही आणि मागं अर्धं गाव. गाडीतून उतरताच त्यांनी कन्नडमध्ये बजावलं आणि कारकुनाला मराठीत सांगायला लावलं, "मी इथं बघायला आलोय, ऐकायला नाही. साक्ष कोर्टात होते. विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत."

आई माझ्या कानाशी लागली. "जल्मभर ह्या रानात राबले, आन् मी बोलू न्हाय व्हय?"

"नको गं. गप ऱ्हा."

तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

जमीन तेव्हा होती तशीच आहे ना, एवढं साहेबांनी वकिलांना विचारलं. दोघंही हो म्हणाले. भात तेव्हाही कापलेलं होतं, आताही. वार झाला त्या जागी एक पोलीस जाऊन उभा राहिला. साक्षीदारानं आपली जागा दाखवली आणि साहेब तिथंच मांडी घालून बसले. मग उठून उभे राहिले.

समोर नुसता माळाचा उंचवटा. शेत त्याच्या पलीकडं, ओढ्याकडं उतरलेलं.

"काठी वर करायला सांगा त्याला."

हाक गेली. पलीकडून "केली, साहेब" असं उत्तर आलं. काठीचं टोकसुद्धा दिसलं नाही.

साक्षीदार पुढं सरकला. "साहेब, त्या दिवशी मी जरा..."

साहेबांनी नुसता हात वर केला. मग सरकारी वकिलांना कट्ट्यावर बोलावलं. त्यांनी टाचा उंचावून पाहिलं आणि म्हणाले, "नाही दिसत, सर."

साहेब कारकुनाला टिपण सांगत होते आणि अण्णा ताठ मानेनं ऐकत होता.

अण्णा निर्दोष सुटला. मारणारा कोण, ते अजून उजेडात आलेलं नाही. निकालाच्या दिवशी बेळगावहून परतताना अण्णानं गाडी वेशीतच थांबवली.

"इथनं चालत जायचं," म्हणाला. खटला लागल्यापासून तो मागच्या पाणंदीनं घरी यायचा. त्या दिवशी भर पेठेतून निघाला. दुकानांतून माणसं उठून बाहेर आली, कुणीतरी "अण्णा, च्या घेऊन जावा" म्हणून हाक मारली. तो हसत, लांब ढांगा टाकत चालला होता. त्याला गाठायला मी चक्क पळत होते.