माईंचे तोडे आणि पांढरा स्वेटर

माझ्या सासूबाई, म्हणजे माई, वारल्या, त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या एकदा आमच्या खारघरच्या फ्लॅटवर येऊन गेल्या. येताना दार वाजवलं नाही, चप्पल काढली नाही, आणि चहा विचारायचं मला सुचलंच नाही.

नाशिकला सुहासच्या चुलतभावाचं लग्न होतं. सुहास माझा नवरा. तो ऑफिसला गेला होता. घरी मी आणि माझे सासरे अण्णा. अण्णांना लग्नात माईंनी विणलेला पांढरा स्वेटरच घालायचा होता. त्याची लोकर इतकी तलम की धसमुसळेपणाने कुणी उचलला तरी माई डोळे वटारायच्या. त्या असताना तो कुणाला धुवायची परवानगी नव्हती. (मला तर बादलीजवळ उभं राहायचीसुद्धा नव्हती.)

मी सगळं रीतसर केलं. थंड पाण्यात रिठे घालून स्वेटर नुसता दाबून धुतला, पिळला नाही. जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरून त्यावर आडवा पसरला. मग कोमट रिठ्याच्या पाण्यात माईंचे सोन्याचे तोडे मऊ ब्रशने घासले. लग्नात ते मी घालणार होते. पुसले, कोरडे केले आणि कसे दिसतात ते बघायला हातात चढवले. त्याच हातांनी स्वेटरच्या बाह्या सारख्या केल्या आणि बॅग भरायला बेडरूममध्ये गेले.

बाहेर दुपार कलली होती. समोरच्या टॉवरच्या बांधकामाची धूळ येते म्हणून खिडक्या बंद होत्या आणि डोंगर धुरक्यात बुडाला होता. घरभर ओल्या लोकरीचा वास. माई न्हाऊन शाल पांघरून बसायच्या तेव्हा यायचा, अगदी तो.

हॉलमधून अण्णांचा हळू आवाज आला, "पडून राहा. उठू नकोस, ओली आहेस अजून."

मला वाटलं फोनवर असतील. बाहेर येऊन बघते तर फोन चार्जिंगला. अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून टेबलाकडे बघत होते. स्वेटरची उजवी बाही छातीवर दुमडलेली होती. माई झोपताना हात ठेवायच्या तशी.

"अण्णा, तुम्ही हलवलात का?"

"मी कशाला हलवू? तिचा हात तिनेच घेतला छातीवर."

पंखा बंद होता. मी बाही पुन्हा सरळ केली आणि चहा टाकायला स्वयंपाकघराकडे वळले.

"बघ, हात वर केला तिने," अण्णा म्हणाले.

मी वळून पाहिलं. बाही टेबलावरून उचलली गेली होती आणि थरथरत माझ्याकडे बोट दाखवत होती. मी थांबले, तशी ती थांबली. एक पाऊल पुढे गेले, तर खाली आली. मागे सरकले, पुन्हा वर. सूनपणाची सगळी वर्षं आमचं असंच चाललं होतं.

तेवढ्यात शेजारच्या म्हात्रे काकी वालाच्या शेंगा घेऊन आल्या. अण्णांनी दार उघडलं. काकी मूळच्या इथल्याच गावातल्या. टॉवर आले तरी त्यांच्या लेखी इथली भुतं जुनीच. बाही बघून त्यांनी शेंगा खाली ठेवल्या.

"सासू हाय ती तुजी," त्या शांतपणे म्हणाल्या. "काय पायजे ते इचार."

मी हात जोडले. "माई, काय हवंय तुम्हाला?"

हात जोडताच अख्खा स्वेटर टेबलाच्या कडेपर्यंत सरकत आला.

मी बेडरूमकडे पळाले. मागे वळले तेव्हा तो टेबलावरून उतरून फरशीवरून माझ्या मागे येत होता. बाही पुढे, बाकीचं अंग फरफटत. मी दार लावलं, कडी घातली आणि कपाटाकडे निघाले. तोच कुणीतरी माझं मनगट धरलं.

खोलीत कुणी नव्हतं. पकड मात्र होती, थेट तोड्यावर. मी हात ओढला की तीही हिसका देई, आणि दाराला बाहेरून काहीतरी मऊ येऊन थडके.

"माई, सोडा मला," मी कशीबशी म्हणाले. "तोडे हवेत ना? मी नाही घालत. वन्संना देते. उद्याच्या उद्या देते. शपथ."

थडकणं थांबलं. मग काकींचा आवाज. "अगो, दार उघड. लोकर हाय ही."

उघडलं. काकींच्या एका हातात स्वेटर, दुसऱ्या हातात बारीक पांढरा धागा. धागा त्यांच्या बोटांतून निघून माझ्या मनगटापर्यंत आला होता. तोड्यावरच्या नक्षीतल्या फुलाची एक पाकळी वर उचकटली होती आणि तिच्यात बाहीचा टाका अडकला होता. मी घरभर फिरले तशी बाही उसवत गेली होती. ती आता कोपरापर्यंतच उरली होती.

मी पलंगावर बसले आणि हसू लागले. काकीही हसल्या. अण्णा हसले नाहीत. त्यांनी उसवलेली लोकर हळूच गुंडाळून खिशात ठेवली.

"तोड्यांचं बोललीस ते मी ऐकलं," ते म्हणाले. "तिच्या फार मनात होतं, लेकीला द्यायचे. सांगायचं राहून गेलं."

"मी पन ऐकलं," काकी म्हणाल्या. "तिला दिलेला शबूद हाय. फिरवू नको."

आता दोन साक्षीदार झाल्यावर काय करणार?

लग्नात तोडे वन्संच्या हातात झळकत होते. अण्णा दीड बाहीचा स्वेटर घालून पहिल्या रांगेत ताठ बसले होते. वन्संनी डोळे पुसत मला मिठी मारली.

"वहिनी, आईचे तोडे असे सहज काढून दिलेत. एवढं मोठं मन कसं केलंत?"

"आतून आलं हो," मी म्हटलं.

खोटं नव्हतं. बेडरूमच्या आतूनच आलं होतं, दाराला कडी लावून.