दादाच्या खिशातली पाचर

माझ्या भावाला गल्लीत सगळे कुलूपदादा म्हणतात. त्याला ते ठाऊक आहे. मी एकदा चिडून विचारलं, "तुला काहीच कसं वाटत नाही रे?" तर म्हणाला, "शिव्या तर देत नाहीत ना? मग झालं." आणि लगेच मान वळवून, "पण तुला कुणी सांगितलं? कोण कोण म्हणतं?" घ्या! माणूस हा असा.

आमचं काम ब्रशचं. दात घासायचे नव्हेत, कारखान्यात लागतात ते. छापखान्याचे, बाटल्या धुवायचे, आणि मुख्य म्हणजे बेकरीतल्या पिठाच्या पट्ट्यावर फिरणारे लांबट ब्रश. लाकडाचा ठोकळा घ्यायचा, त्याला ओळीने भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकातून केसांचा झुबका तारेने आत ओढायचा. मागून वहिनी पातळ फळी चिकटवते. भोकं दादा पाडतो, झुबके मी ओढते. एकोणीस वर्षांची असताना त्यासाठी स्टुलावर बसले, त्याला आता बावीस वर्षं झाली.

यात एकच खुबी आहे. कडेच्या ओळीतली भोकं सरळ नसतात, किंचित बाहेर कललेली असतात. त्यामुळे केस पसरतात आणि पट्ट्याच्या कोपऱ्यातलं पीठसुद्धा निघतं. कल कमी पडला तर कोपरा तसाच राहतो. जास्त झाला तर ठोकळा कडेला तडकतो. कल नेमका किती, हे दादाचं गुपित. त्यासाठी त्याच्याकडे बोटाएवढी लाकडी पाचर आहे. ती ठोकळ्याखाली सरकवायची, मग वरून गिरमिट सरळ धरलं तरी भोक तिरकं पडतं. ती पाचर दिवसभर टेबलावर आणि बाकी वेळ दादाच्या सदऱ्याच्या खिशात. टेबल भिंतीकडे तोंड करून, मध्ये पडदा. मी पलीकडे डोकावले की ठरलेलं वाक्य, "तू तुझं बघ."

केस तो तीन दुकानांतून आणायचा, म्हणजे एकूण किती लागतात ते कुणाला कळू नये. खोक्यांवरची लेबलं खरवडायचा. भुसासुद्धा एकाच जागी टाकत नसे. कुणी नुसतं "काय, बरं चाललंय ना?" म्हटलं की हा विचारणार, "का हो?" गिऱ्हाईक दारात आलं की ओढलेला पडदा आणखी ओढलाच. मला हसू यायचं, आणि खरं सांगते, थोडा अभिमानही वाटायचा. वाटायचं, आपल्याकडे काहीतरी आहे म्हणूनच तो इतका जपतोय.

मग त्याचं उजवं मनगट गेलं. गेलं म्हणजे सुजलं, आखडलं, सकाळी चहाचा कप धरवेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "हाताने भोकं पाडणं वर्षभरात बंद करा, नाहीतर हा हात कायमचा जाईल." त्याच महिन्यात बेकरीचा मुकादम येऊन बसला. त्यांनी दुसरा पट्टा घातला होता. त्यांना ब्रश दुप्पट हवे होते, आणि जमत नसेल तर त्याने दुसरं कुणीतरी बघून ठेवलं होतं. आमच्याकडची निम्म्याहून जास्त कामं बेकरीची. ती गेली की आम्हा तिघांना कारखान्याला कुलूप घालून दुसऱ्याच्या दारात काम मागायला उभं राहायचं होतं.

वहिनी फार बोलत नाही. ती गुपचूप गेली आणि उद्योग मदत केंद्रात अर्ज देऊन आली. दादाला कळलं तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "आपल्या घरचं बाहेर सांगितलंस! फुकट कोण कशाला मदत करील? काहीतरी काढून घेतल्याशिवाय?" वहिनी म्हणाली, "मनगट तुमचं आहे. ठरवा." आणि फळ्या चिकटवायला बसली.

आठवड्याने केंद्रातून सल्लागार बाई आली. पायात कापडी बूट, हातात छोटी वही, चेहरा शांत. दादाने तिला पडद्याकडे पाठ करून बसवलं. तिने विचारलं, "दिवसाला किती ब्रश होतात?" होतात वीस, हा म्हणाला बारा. "केस कुठून आणता?" म्हणाला, "मिळतात इकडेतिकडे." "गिऱ्हाईकं किती?" म्हणाला, "आहेत." त्या बाईने ताकास तूर लागू न देणारा असा माणूस पूर्वी पाहिला असावा, कारण ती रागावली नाही. पण ती सगळं लिहून घेत होती. मध्येच तिने कपाटावरचे डबे मोजले. मी पाहिलं ना, तिचे ओठ हलत होते! माझ्याही मनात पाल चुकचुकली.

जाताना तिने मुद्द्याचं सांगितलं. केंद्राकडे पायाने चालवायचं भोकं पाडायचं यंत्र आहे. ते वर्षभर वापरायला देतील, काम नीट दिसलं की आमचंच. यंत्रावर ठोकळा धरायला लोखंडी साचा लागतो. तो केंद्राचा साचेवाला आमच्या मापाने करून देईल, पण एका कारखान्याला एकदाच. "त्यासाठी तुमचा कल लागेल," बाई म्हणाली. "पाचर दोन दिवस द्या, मोजून परत करतो." दादाने खिशावर हात ठेवला आणि म्हणाला, "बघू."

ती निघाली तशी मीही निघाले, मागोमाग. होय, पाळत ठेवली! लाज कसली त्यात? दोन गल्ल्या सोडून चष्मेवाल्याचा कारखाना आहे. तोही ब्रशच करतो, आणि बेकरीवर त्याचा डोळा आहे हे सगळ्यांना माहीत. बाई सरळ त्याच्याकडे शिरली. काचेतून दिसलं, चष्मेवाला तिच्याशी हसून बोलत होता आणि बाईने तीच वही उघडली होती. धावत घरी आले आणि दादाला तिखटमीठ लावून सांगितलं. "आपलं इथलं तिथे चाललंय," असंसुद्धा म्हटलं. माझ्या डोळ्यांनी मी तेवढं पाहिलं नव्हतं, पण म्हटलं खरं.

दादाने पडदा ओढून घेतला. दोन दिवस पडद्याआड खुडबुड करत राहिला. चौथ्या दिवशी बाई आली तर याने खिशातून पाचर काढून सरळ तिच्या हातावर ठेवली! मी बघतच राहिले. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मला वाटलं, दुखण्याने माणूस हळवा झाला. त्या दिवशी मी त्याला आपणहून दोनदा चहा दिला.

तीन आठवड्यांनी यंत्र आलं. हिरवा रंग, पायाखाली रुंद पट्टी, आणि वर चकचकीत लोखंडी साचा. दादाने पहिला ठोकळा लावला, पाय दाबला. पहिली ओळ झाली. दुसरीला कडेने तडा गेला. दुसरा ठोकळा, तिसरा, सगळ्यांचं तेच. जो एक टिकला त्यात मी झुबके ओढले, तर केस असे फाकले की ब्रश आहे की विस्कटलेली शेंडी, कळेना. दादा मागे सरून म्हणाला, "बघितलंस? म्हटलं नव्हतं? मुद्दाम वाकडा साचा पाठवला. चष्मेवाल्याला बेकरी द्यायची आहे यांना."

माझं डोकं फिरलं. तडकलेला ठोकळा पिशवीत घातला आणि तशीच केंद्रात गेले. समोर पाच-सहा माणसं रांगेत बसली होती, तरी आवाज चढवला. "गरिबांची थट्टा करता? आमची पाचर नेलीत, माप घेतलंत आणि हा कचरा पाठवलात! चष्मेवाल्याचा साचा बरा नीट झाला असेल!" आणखीही बरंच बोलले. बाईने ऐकून घेतलं. मग खण उघडून कागदात गुंडाळलेली वस्तू माझ्यापुढे ठेवली. "ही परत द्यायची राहिली होती. साचा हिच्यावरूनच केलाय. पंधरा अंश."

पाचर काळी, तेलकट, वापरून गुळगुळीत झालेली. पण हातात घेतली आणि काहीतरी खटकलं. हलकी लागली. नखाने कड खरवडली तर खालून पांढरं लाकूड निघालं. नवंकोरं! वर चुलीची काजळी आणि तेल चोपडलेलं. दोन दिवस पडद्याआड बसून दादाने खोटी पाचर कोरली होती, आणि ती जुनी दिसावी म्हणून तिला म्हातारी केली होती. तरीच मधले तीन आठवडे त्याचं काम अडलं नव्हतं!

मी पाचर पटकन मुठीत झाकली. रांगेतली माणसं बघत होती. बाई हळू म्हणाली, "साचा पुन्हा करायची परवानगी मी मागून बघते. पण भावाला उद्या इथे यावं लागेल, खरी पाचर घेऊन. साचेवाल्यासमोर स्वतःच्या हाताने एक ठोकळा करून दाखवायचा. नाही आले तर शनिवारी यंत्र पुढच्या माणसाकडे जाईल."

घरी मी नुसती आग पाखडली. "तोंडघशी पाडलंस मला! का केलंस असं?" तो म्हणाला, "तूच नाही का सांगत आलीस, ती चष्मेवाल्याकडे जाते म्हणून?" मग वहिनीने, जिने कधी कुणाला दटावलं नाही तिने, हातातली फळी आपटली आणि म्हणाली, "उद्या जायचं. नाहीतर परवापासून माझ्या हाताने घास खायची वेळ येईल तुमच्यावर."

दुसऱ्या दिवशी गेलो आम्ही दोघं. मागच्या खोलीत साचेवाला होता, म्हातारा, डोळ्याला भिंग लावलेला. दादाने खोलीभर नजर फिरवली, खिडकी लावून घ्यायला सांगितली, मग पाचर काढली. सुजल्या मनगटाने गिरमिट फिरवताना त्याच्या कपाळावर घाम आला. पाच भोकं पाडली आणि थांबला. साचेवाल्याने ठोकळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आठ," तो म्हणाला. "वाटलंच मला. पंधरावर कुणी करतं का? मी बाईंना म्हटलंही, पण त्या म्हणाल्या, कारागिराचं माप आहे, त्याला हात लावू नका."

"तुम्हाला कसं कळलं आठ?" दादाने विचारलं. आवाज एकदम धारदार. म्हाताऱ्याने शेजारच्या फळीवरचा दुसरा साचा उचलून पुढे ठेवला. चष्मेवाल्याचा, अजून न्यायचा होता. दादाने आपली पाचर त्याच्या उतारावर ठेवली. दोन्हींच्या मध्ये उजेड शिरायला फट राहिली नाही.

"चोरलं!" दादा म्हणाला. "कुणीतरी सांगितलं त्याला!"

"अहो, याआधी मी असे तीन केलेत," म्हातारा म्हणाला. "तिघंही आठवालेच. केस नीट फाकायचे आणि ठोकळाही टिकायचा, तर सगळं तेवढ्यावरच येऊन थांबतं. चार ठोकळे फुकट घालवले की कुणालाही कळतं."

दादा स्टुलावर बसला. मला त्याची कीव यायला हवी होती, आणि थोडी आलीही. पण त्याहून जास्त दुसरंच काहीतरी वर आलं. चार ठोकळे! चार ठोकळ्यांचं गुपित, आणि त्याच्यासाठी बावीस वर्षं पडदा. निम्मी भोकं मी पाडली असती तर त्याचं मनगट आज असं झालं नसतं.

"पडदा चष्मेवाल्यासाठी होता हे समजलं," मी म्हटलं. "पण गिऱ्हाईक नसतानाही ओढलेला असायचा. मग तो कुणासाठी होता रे?"

तो खाली बघून म्हणाला, "तुझं लग्न झालं असतं तर? गेली असतीस घेऊन दुसऱ्या घरी."

माझी दोन स्थळं याने, कामाचा हंगाम आहे म्हणून, पुढे ढकलली होती. पुढे ढकलता ढकलता ती गेली, मग कुणी आलं नाही, आणि मी त्याच स्टुलावर झुबके ओढत राहिले. हे सगळं मला तिथे, त्या परक्या खोलीत ओरडून सांगायचं होतं.

बाई नवा कागद घेऊन आली. तिला बिचारीला काय माहीत! "परवानगी मिळालीय. फक्त एक राहिलंय. यंत्र कोण चालवणार, त्याचं नाव लागेल. त्या माणसाला आम्ही आठवडाभर शिकवतो."

मी म्हटलं, "मी चालवणार."

त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक दारात आल्यावर बघायचा, अगदी तसंच. सख्ख्या बहिणीकडे! मग बाईला म्हणाला, "लिहा. पण आधी तीन महिन्यांपुरतंच लिहा."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातातला पेन घेतला, "किती काळासाठी" च्या पुढे "कायम" लिहिलं आणि कागद सहीसाठी त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो दोनदा वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली, आणि मग डाव्या हाताने सही केली.