उलट्या बोर्डाची डावी बाजू

कुवेतमध्ये लाटांवर विंडसर्फिंग करतो असं सांगितलं की लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात आणि मग समुद्राकडे. दोन्हीकडे बघून त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांचं चूक नाही. फिंतासला आमच्या इमारतीसमोर येणारी लाट फार तर कमरेएवढी, आणि तीही कौस सुटला तरच. कौस म्हणजे आग्नेयेचा दमट वारा. तो समुद्रावरून किनाऱ्याकडे येतो, अंगाला चिकटतो आणि भल्याभल्यांचा स्वभाव बिघडवतो. माझा आधीच बरा नसल्यामुळे मला फारसा फरक पडत नाही.

मी मूळचा नाशिकचा, इथे तेल कंपनीत पाइपिंगचं डिझाइन करतो. शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहायला चाळिशी उलटल्यावर शिकलो, आणि पन्नाशी ओलांडली तसा डावा खांदा गोठला. मधुमेहाच्या लोकांना होतं म्हणे. हात वर जाईना, मागे वळेना, कुशीवर झोपू देईना. डॉक्टर म्हणाले, सुटेल हळूहळू, पण पूर्ण किती सुटेल ते आत्ता सांगता येणार नाही. त्यांच्या बोलण्यातलं एवढं शेवटचंच माझ्या डोक्यात घर करून बसलं.

पुढे बरेच महिने भिंतीवर बोटं चढवण्याचे व्यायाम झाले. उन्हाळा उतरल्यावर समुद्रात जाण्याची परवानगी मिळाली, डॉक्टरांची आणि बायकोची. दुसरी जास्त अवघड. ती एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. तिथे परमिटशिवाय कोणी पानासुद्धा उचलत नाही, आणि घरातही तोच कायदा.

"वारा किनाऱ्याकडे येत असेल तरच जायचं," ती म्हणाली. "समुद्राकडे ढकलणारा शमाल असेल तेव्हा पाण्यात पाय घालायचा नाही. हात मध्येच थकला तर कौस तुम्हाला परत आणून टाकेल. शमाल थेट इराणला सोडून येईल."

"बरं."

"आणि थंडी संपेपर्यंत जमलं नाही, तर बोर्ड विकून टाकायचा. उगीच उरलासुरला खांदा घालवू नका."

मी त्यालाही बरं म्हटलं. बोर्ड जाण्याचं मला एवढं दुःख नव्हतं. पण तो विकला म्हणजे हात कायमचा गेला हे आपणच सही करून मान्य केल्यासारखं होणार होतं. त्याची मला भीती वाटत होती, आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती.

आता गंमत अशी की जो वारा सगळ्यात सुरक्षित, तोच सगळ्यात चिवट. किनाऱ्याकडे येणाऱ्या हलक्या वाऱ्यात लाटाही तुमच्याच अंगावर येतात, आणि त्या फोडून बाहेर जायला लागणारा जोर वाऱ्यात नसतो. तिथे सगळी भिस्त फिन्सवर. बोर्डाच्या पोटाखाली, मागच्या टोकाला, माशाच्या परांसारखी जी पाती बसवतात त्या फिन्स. वारा बोर्डाला बाजूला ढकलतो, फिन्स पाण्यात पकड घेतात, म्हणून बोर्ड पुढे जातो. माझ्या बोर्डाला तीन आहेत, मधली मोठी आणि दोन बाजूंना दोन लहान.

जुनी मधली फिन आखूड आणि मागे झुकलेली होती. जोराच्या वाऱ्यात ती झकास वळते, हलक्या वाऱ्यात नुसती घसरते. म्हणून मी थोडी लांब, अधिक उभी फिन आणली. लांबलचक घेण्याचा मोह आवरला, कारण ओहोटीला आमच्याकडे गुडघाभर पाणी आणि खाली खडक. फिन खडकाला अडली की बोर्ड थांबतो, माणूस थांबत नाही. बाजूच्या दोन्ही फिन्सही बदलून आणखी लहान घेतल्या, म्हणजे ओढ कमी. गॅलरीत बोर्ड पालथा टाकून सगळं स्वतः बसवलं, आणि स्वतःवर खूश होऊन चहा मागितला.

पाण्यात मात्र बोर्ड हलेना. म्हणजे हलायचा, पण ब्रेक अडकलेली सायकल हलते तसा. पहिल्या फेसाळ लाटेपाशी पोचेपर्यंत वेग मरायचा, लाट मला शिडासकट उचलून मागे टाकायची, आणि पाण्यातून शीड परत वर ओढताना डावा खांदा ओरडायचा. शुक्रवारी कौस असला की हाच कार्यक्रम. मधली फिन खाचेत मागे सरकवली, बोर्डाने जोर धरावा म्हणून. मग पुढे सरकवली, निदान वळावा तरी. शीड मोठं घेतलं. काही उपयोग नाही. दर वेळी वाटायचं, हात कमी पडतोय. दुसरं कारण मला सुचतच नव्हतं.

"फिन बरोबर नाही," मी किनाऱ्यावर येऊन कुरकुरलो.

"नाचता येईना अंगण वाकडं," बायको हसत म्हणाली.

एरवी मीही हसलो असतो. त्या दिवशी तिच्यावर खेकसलो. संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती शिकायला परदेशी आहे, मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत देते. सगळं ऐकून म्हणाली, "डॅड, जस्ट सेल इट." तिलाही बरं म्हटलं. थंडी संपतच आली होती.

विकायचा म्हणून बोर्ड धुवायला काढला. गॅलरीत कपडे वाळत घातले होते, आडवा ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो भिंतीला उभा टेकवला, वरची बाजू माझ्याकडे. मागच्या फिन्स न बघताच हाताने पुसत होतो. डावीकडच्या फिनवर हात फिरवला तर तिची बाहेरची बाजू सपाट लागली. उजवीकडचीही तशीच. मी पुसायचं थांबलो.

बाजूच्या फिन्स आतून सपाट आणि बाहेरून फुगीर असाव्या लागतात. माझ्या नेमक्या उलट होत्या. आमच्या धंद्यात समोर पसरलेला नकाशा म्हणजे वरून पाहिलेला नकाशा. सगळा जन्म तेच करत आलो, त्यामुळे पालथ्या बोर्डाचं पोटही मी तसंच वाचलं. माझ्या डाव्या हाताला दिसलं ती डावी बाजू, झालं. पण पालथ्या बोर्डाची डावी बाजू बघणाऱ्याच्या उजवीकडे असते, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे डावी फिन उजवीकडे बसली होती आणि उजवी डावीकडे. दोन्ही फिन्स सगळा हंगाम एकमेकींविरुद्ध जोर लावत होत्या, आणि मी दोष खांद्याला देत होतो. अंगण खरोखरच वाकडं होतं. ते वाकडं करणाराही मीच.

मी इतक्या जोरात हसलो की बायको हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. तिला सगळं दाखवलं. ती खाली बसून दोन्ही फिन्स नीट बघत राहिली.

"या शुक्रवारी कौस आहे," ती म्हणाली. "या दोनच एकमेकींच्या जागी बसवा. बाकी कशाला हात लावू नका, नाहीतर नेमकं कशाने जमलं ते कळणार नाही."

शुक्रवारी वारा जेमतेम होता. पहिली लाट आली, बोर्डाने नाक वर केलं आणि तिच्यावरून निघून गेला. दुसरीवरूनही. तिसरी फुटायच्या आत मी तिच्या पलीकडे होतो. तिथे पाणी नुसतं खालीवर होत होतं, फेस नव्हता. वळलो, एक बरी लाट पाठीवर घेतली आणि तिच्याबरोबर तिरका किनाऱ्याकडे आलो. बोर्ड सांगेल तिकडे वळत होता. मग परत गेलो. किती वेळा गेलो ते मोजलं नाही.

बाहेर आलो तेव्हा बायको पाण्याच्या कडेला उभी होती.

"हात?" तिने विचारलं.

मी हाताकडे बघितलं. शिडाचा दांडा धरून बोटं सुजली होती, पण खांदा दुखला की नाही ते मला आठवेना. सबंध वेळ त्याची आठवणच झाली नव्हती.

"अगं, मी विसरूनच गेलो होतो," मी म्हणालो.

"मग आता यापुढे शर्ट आपला आपण घालायचा," ती म्हणाली. एवढे महिने ऑफिसला जाताना शर्टाची डावी बाही तीच चढवत होती. तिला हसू आलं, आणि हसताहसताच ती ओल्या वाळूत बसली आणि रडायला लागली. "मला वाटलं होतं, आता जन्मभर असंच," एवढंच म्हणाली. मीही तिच्या शेजारी तसाच निथळत बसलो आणि रडून घेतलं. फार बरं वाटलं.