घरचा व्याप

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. धाकट्या बहिणीला नाही, देवापुढे हात जोडून बसतानाही नाही — तिथे मी नेहमी दुसरंच काहीतरी मागत बसते. तुम्हाला सांगतेय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. समोरच्याचा चेहरा बघून शब्द बदलायची मला सवय आहे. माझी नोकरीच तशी.

मी बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात एचआर आहे. गाड्यांचे छोटे सुटे भाग बनवतो आम्ही. माहेर कऱ्हाटीचं. सासर होतं, ते फार दिवस टिकलं नाही. मूलबाळ नाही. या कारखान्यात मुलाखतीला गेले तेव्हा साहेबांनी घरी कोण कोण आहे विचारलं होतं आणि मी एकटीच म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा खुलला होता. तेव्हा मला तो आपुलकीचा भाग वाटला. खरं कारण नंतर कळलं, त्याच खुर्चीत बसून मी दुसऱ्यांना तेच विचारायला लागले तेव्हा.

एचआर म्हणजे काय, हे आमच्या गावात कुणाला नीट समजत नाही. आईला वाटतं मी नोकऱ्या लावते, त्यामुळे कऱ्हाटीला गेले की ओसरीवर कुणीतरी पोराला घेऊन बसलेलंच असतं. कारखान्यातल्या लोकांना वाटतं मी नोकऱ्या घालवते. मालकांना वाटतं मी कामगारांची, कामगारांना वाटतं मी मालकांची. दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे. पण दोन्हीकडची असून मी जेवायला कुणाबरोबर बसायचं? कँटीनमध्ये मी ताट घेऊन टेबलाशी गेले की बोलणं थांबायचं. चांगली हसतीखिदळती माणसं एकदम भाजीत काहीतरी शोधायला लागायची. त्यांचा दोष नाही. उद्या कुणाला काढायचं हे जिला आधी कळतं, तिच्याशेजारी घास कसा उतरणार? मग मी केबिनमध्ये जेवायला लागले. दार लावून. कुणी आलं तर फाईल डब्यापुढे ओढून घ्यायची — काम करताकरता खातेय असं दिसावं म्हणून.

ताकाला जाऊन भांडं लपवतेय मी. मूळ गोष्ट रेखाची आहे.

रेखा शेळगावची. आमच्याकडे तपासणी विभागात होती, तयार झालेला प्रत्येक भाग हातात घेऊन बघायचं काम. नवरा अपघातात गेलेला. एक मुलगी, तेव्हा तिसरीत असेल, शेळगावात आजीजवळ राहायची. शिफ्टच्या वेळा सांभाळून शेळगावहून रोज येणं-जाणं जमत नव्हतं, म्हणून रेखा बारामतीत आणखी दोघींबरोबर एका खोलीत राहायची आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी इंदापूरची एसटी धरायची. मुलीचं नाव आर्या. त्या पोरीला आई आठवड्यातून एकदा मिळायची, तीही निम्मी झोपलेली.

एकदा बायकांच्या संडासाची कडी तुटल्याची तक्रार घेऊन ती जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आली. मी फाईल ओढून घेतली, पण उशीर झाला होता. तिनं डबा पाहिला, मला पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, मी हितंच बसू का? तिकडं लई कालवा हाय." आणि माझ्या हो-नाहीची वाट न बघता समोरच्या खुर्चीत बसून तिनं भाकरी काढली.

त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. मॅडमची ताई कधी झाले, तेही कळलं नाही. तिच्यापुढे माझी जीभ सैल सुटायची. एरवी मी ऑफिसात तोलूनमापून बोलते. तिच्याशी बोलताना माझंही 'हाय-न्हाय' सुरू व्हायचं, कऱ्हाटीचं. शेंगदाण्याची चटणी, आर्याचे उद्योग, खोलीतल्या पोरींची भांडणं. फार काही मोठं बोलायचो नाही आम्ही. पण सकाळी डबा भरताना मी एक पोळी जास्त घ्यायला लागले होते. तिच्यासाठी. लोक तिला माझ्यावरून टोमणे मारत असणार. मला तिनं कधी सांगितलं नाही.

मग इंदापूरकडे एक नवा कारखाना सुरू झाला. त्यांना बायकांच्या लाईनवर सुपरवायझर हवी होती. रेखानं अर्ज केला, मुलाखत दिली, ती छान झाली. कंपनीची बस शेळगाव फाट्यावरून जाणार होती. म्हणजे पोरगी शाळेतून येईपर्यंत ही घरी. रोज. हे सगळं तिनं मला आधी सांगितलं, तिच्या आईच्याही आधी. दुसऱ्या कुणीही आपल्या एचआरपासून लपवलं असतं. ती म्हणाली, "त्यांचा फोन तुमालाच येनार, ताई. म्हंजे काळजी न्हाय."

आता फोनचं सांगायला हवं. आमच्या धंद्यात अनुभवाच्या दाखल्याला फारशी किंमत नाही, तो सगळेच गोड लिहून देतात. खरं काम फोनवर होतं. नवा माणूस घ्यायच्या आधी आम्ही एचआरवाले जुन्या ठिकाणच्या एचआरला फोन लावतो. कसा आहे, एवढंच विचारतो. आणि उत्तरात कुणी कुणाला वाईट म्हणत नाही, तशी रीतच नाही. 'पोरगा जरा बोलका आहे' म्हटलं की ऐकणाऱ्यानं समजायचं, हा चार लोकांना गोळा करेल. बाई असली तर 'घरचा व्याप आहे तिला' एवढं म्हटलं की पुरे. ऐकणाऱ्याला आपोआप दिसायला लागतात आजारी सासू, पोरांच्या परीक्षा, गावची जत्रा, ऐनवेळच्या सुट्ट्या. तो म्हणतो, बरं बरं. आणि त्या बाईला पुन्हा फोन जात नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणाऱ्याला वाटतही नाही की आपण काही केलं.

फोन आला तेव्हा आमचं जेवण नुकतंच झालं होतं. रेखा हात धुवायला गेली होती. तिकडचे कदम म्हणून होते, माझ्या ओळखीचे, सभ्य माणूस. त्यांनी विचारलं, कशी आहे बाई?

इथे मी नेहमी थांबते. स्वतःशी सांगतानाही. इथे मला लगेच आठवतं की त्या वर्षी माणसं किती भराभर सोडून चालली होती. पोरं सकाळी कामावर रुजू व्हायची आणि जेवायला म्हणून बाहेर पडली की परत यायचीच नाहीत. शिकवून तयार केलेला माणूस शेजारच्या गेटात जायचा. दर महिन्याला साहेब सगळ्यांसमोर मला उभं करून विचारायचे, का थांबत नाहीत? जणू मी त्यांना दावं बांधून ठेवायला हवं होतं. रेखासारखा हात पुन्हा मिळाला नसता, हेही खरंच. तेव्हा कंपनीसाठी केलं, असं मी बरीच वर्षं म्हणत आले.

खोटं आहे ते. कंपनीचा विचार त्या क्षणी माझ्या मनात आलाही नव्हता. समोर तिची खुर्ची होती. ती उद्यापासून रिकामी असणार, मी पुन्हा दार लावून, फाईल पुढ्यात ओढून जेवणार — एवढंच दिसलं मला. आणि मी म्हणाले, कामाला उत्तम आहे हो, हात फार चांगला. जरा घरचा व्याप आहे तिला, एवढं बघा.

तिनं अख्ख्या वर्षात ऐनवेळी एकदाही सुट्टी घेतली नव्हती. पोरीला ताप असतानाही ती कामावर आली होती, आणि ते मला माहीत होतं. कारण त्या दिवशी ती माझ्यासमोरच बसून रडली होती.

कदम म्हणाले, बरं बरं.

रेखा पदराला हात पुसत आत आली. कुणाचा फोन, म्हणाली. मी पुण्याचा म्हणाले.

पुढचे काही दिवस ती मोबाईल टेबलावर उलटा न ठेवता सुलटा ठेवून जेवायची. मग एक दिवस तिनंच सांगितलं, "न्हाय झालं, ताई. दुसरी घेतली." मी तिची समजूत घातली. तिकडे काही खरं नसतं, नवा कारखाना आहे, उद्या बंद पडला तर काय, असं बरंच बोलले. चांगलं बोलता येतं मला. ती मान डोलवत होती. आणि माझ्या मनात काय होतं, सांगू? हलकं वाटत होतं मला. लाज नंतर आली, बरीच नंतर. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

अशी वर्षं गेली. आर्या मोठी होत गेली, ते मी ऐकत गेले. आधी ती एसटीची वाट बघत फाट्यावर थांबायची. मग थांबेनाशी झाली. मग सुट्टीच्या दिवशीही मैत्रिणीकडे जायला लागली. रेखा म्हणायची, पोरगी आजीलाच आई म्हणती आता, मला नुसतं 'अगं' म्हणती. हसून सांगायची. मी पण हसायचे. तेव्हा सांगता आलं नसतं का? रोज आलं असतं. रोज ती समोरच तर बसत होती.

मग कारखान्यात कॅमेरे आले. पट्ट्यावरून भाग पुढे सरकतो, वरचा कॅमेरा त्याला बघतो आणि खराब असेल तर बाजूला ढकलतो. तपासणी विभाग नको झाला. साहेबांनी नावं माझ्याकडे दिली आणि त्या बायकांना केबिनमध्ये बोलावून सांगायचं काम अर्थात माझं. रेखाला मी सर्वांत शेवटी बोलावलं. ती तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली. ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली की इंदापूरकडे पुन्हा विचारता का, तुमच्या शब्दाला वजन हाय.

विचारलं मी. खरंच विचारलं. कदम अजून तिथेच होते. नाव ऐकल्यावर ते हसून म्हणाले, "मॅडम, तीच ना ती? घरचा व्याप असलेली? तुम्हीच म्हणाला होता, माझ्या चांगलं लक्षात आहे."

एक वाक्य बोलायचं होतं. मी खोटं बोलले होते, कदम — बस. माझी नोकरी गेली नसती. फार तर त्या माणसानं माझ्या शब्दावर पुन्हा विश्वास ठेवला नसता, चार कारखान्यांत कुजबूज झाली असती. तेवढ्याला मी घाबरले. पहिल्या वेळी निदान मला कुणीतरी हवं होतं. या वेळी मला फक्त माझं नाव हवं होतं.

मी म्हणाले, हो, ते आहेच म्हणा. बघा जमलं तर.

जमलं नाही.

रेखा आता शेळगावातच असते. जवळच्या शेडवर डाळिंबं निवडायला जाते, रोजंदारीवर, हंगाम असेल तेव्हा. माझ्यासमोरच्या खुर्चीत आता कुणी बसत नाही. मध्येच कधीतरी तिचा फोन येतो. मी करत नाही, तीच करते. मागच्या आठवड्यात आला तेव्हा म्हणाली, दिवस मावळायच्या आत घरी येते आता, हातपाय धुऊन दारात बसते. आर्या नर्सिंगला पुण्याला गेलीय. हॉस्टेलला राहते. सुट्टी लागली तरी लवकर येत नाही, तिला तिथेच करमतं.

"ती ल्हान हुती तवा मला टाइम न्हवता," रेखा म्हणाली. "आता मी घरी हाय, तर घरात पोर न्हाय. माझ्या नशिबातच न्हवतं, ताई. तुमी तर माझ्यासाटी लई केलं, दोन्ही येळंला."

मी फोन कानाला लावून बसले होते. तेव्हाही सांगता आलं असतं.

"व्हय," मी म्हणाले, "नशिबाचा भाग असतो."