दोनदा निवडलेले तांदूळ

हेमूचं गाणं मी मुद्दाम पाडलं.

एकदा नाही, दोनदा.

आज त्याले जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे पोटात ठेवलं, आता ठेववत नाही. मी बोलून राहिली आणि माझा नातू निखिल त्याच्या बँडच्या पेजवर टाइप करून राहिला, कारण मले अक्षर येत नाही. त्याले सांगून ठेवलं आहे, बोलीन ते तसंच लिही, मधात आपलं शहाणपण घालू नको.

निखिलचा बँड तुमाले माहीत आहे. जनरल शिफ्ट. चौघं जण, सगळे तिशीचे, अक्कल अजून शाळेतली. प्रॅक्टिस आमच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत. शेजारीण विचारे, "काकू, घरात तोडफोड चालू आहे का?"

मी म्हणे, "हो, गाण्याची."

हेमू त्यात बास गिटार वाजवे. खुर्सीपार वस्तीतला, स्टील प्लांटमध्ये ठेक्यावर. ड्यूटी सुटली की बाईक सरळ आमच्या दारात. मले डोकरी दाई म्हणे. त्याच्या छत्तीसगढीत आजीले तसंच म्हणतात, पण डोकरी म्हणजे म्हातारी, म्हणून मी रुसून दाखवे. डोकरी असंल तुझी सासू, म्हणे.

"पहले शादी तो करा दे, दाई."

एका अल्बमात आठच गाणी, हा त्यांचा कायदा. बनत मात्र बारा-तेरा. कोणतं ठेवायचं यावरून एवढं भांडण की एकदा ड्रमवाला आपले ड्रम उचलून निघाला होता.

मग हेमूनंच तोड काढली. मी परातीत तांदूळ निवडत बसली की गाणं वाजवायचं. माझा हात थांबला, तर गाणं अल्बमात. हात चालत राहिला, तर गाणं उरलं.

"दाईले तोंडानं विचारू नका," तो म्हणाला. "तोंडानं ती सगळ्याईलेच छान म्हणते. हात खोटं बोलत नाही."

उरलेलं गाणं फेकत नसत. पुढच्या अल्बमच्या लिस्टमध्ये ते सगळ्यात वर.

हेमूचं स्वतःचं असं एकच गाणं होतं.

त्याचे बाबूजी नंदिनी गावच्या खाणीत कामाले होते. सुरुंगाच्या आवाजानं कान गेले. गाण्यात पोरगा बापाले हाक मारते. पहिले हळू, मग जोरात, मग गळा फाटेपर्यंत. शेवटी हाक बंद होते आणि नुसता बास वाजत राहते.

कारण स्पीकरवर हात ठेवला की बास तेवढा बाबूजीले कळे. त्यासाठीच त्यानं बास घेतला होता.

अल्बमात आलं की बाबूजीले नेऊन देतो, म्हणे. त्याआधी नाही. त्याईले अर्धवट काम चालत नाही.

पहिल्या अल्बमच्या वेळी गाणं कच्चंच होतं. माझा हात थांबला नाही. ते खरं होतं.

दुसऱ्या वेळी सात गाणी फायनल झाली होती, जागा एकच उरली होती. इकडे हेमूचं, तिकडे निखिलचं. निखिलची दोन गाणी त्याच सकाळी गळाली होती. पोरगा जेवला नव्हता.

त्याचं तिसरं गाणं, आता तोच लिहून राहिला म्हणून सांगते, असं होतं की पंगतीत वाजलं तर कोणी हातातलं भजं खाली ठेवणार नाही.

त्या गाण्यावर मी हात थांबवला.

मग हेमूचं वाजलं. हाक बंद झाली, बास सुरू झाला. फरशीतून तो माझ्या मांडीपर्यंत आला. परातीतले दाणे हलले.

माझी बोटं थांबली होती. मी ती ढकलून चालवली. खडा नव्हता तिथं खडा शोधला.

हेमू म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या वेळी."

नंतर सिविक सेंटरले त्यांचा प्रोग्राम झाला. निखिलचं ते गाणं लागलं आणि लोक आइस्क्रीम घ्यायले उठले. हेमू मागं उभा राहून त्यात बास वाजवून राहिला होता. मन लावून.

तिसऱ्या वेळी तरी हात थांबवायचा होता.

पण गाणं तेच. मग मागच्या वेळी कावून नाही थांबला, असं कोणी विचारलं असतं तर? पहिलं खोटं झाकायले मी दुसरं केलं.

सगळे चहाले उठले. हेमू परातीजवळ बसला. मूठभर तांदूळ उचलले, बोटांतून सोडले, आणि हळूच म्हणाला,

"दाई, हे तर तू मघाच निवडले होते ना?"

निवडून संपलेच होते. हात चालवायले काही तरी पाहिजे, म्हणून निवडलेलेच परत परातीत ओतले होते मी.

तो हसला आणि चहा प्यायले गेला. कोणाले काही सांगितलं नाही. मले डोकरी दाई म्हणणंही सोडलं नाही.

भांडला असता तर बरं झालं असतं.

मग त्याले कावीळ झाली. आठ दिवसांत सगळं संपलं.

निखिल, थांबला कावून? लिही.

तुले हे आत्ताच कळून राहिलं, माहीत आहे मले. चूक तुझी नाही. तू उपाशी होता, हे मी स्वतःले दिलेलं कारण आहे. खरं म्हणजे माझ्या नातवाच्या वर कोणी जावं, हे मले पाहवलं नाही. आणि तो मले दाई म्हणत होता.

चौथा अल्बम निघणार नाही, असं ठरलं आहे. त्याच्या लिस्टमध्ये सगळ्यात वर हेमूचंच गाणं होतं. प्रॅक्टिसची एक रेकॉर्डिंग निखिलच्या मोबाइलमध्ये आहे. उद्या सकाळी तो मले आणि मोठ्या स्पीकरले नंदिनीले नेणार आहे. अजून हो म्हणाला नाही, पण हे वाक्य त्यानं खोडलंही नाही.

बाबूजीले माझी माफी ऐकू येणार नाही. त्यांचा हात धरून स्पीकरवर ठेवायचा, एवढंच माझ्याकडून होईल.

हेमू, बेटा, माझा हात थांबला होता रे.

दोन्ही वेळेस.

डोकरी दाईची श्रद्धांजली एवढीच.